गुडघ्यातलं काळं

गुरुवारी सकाळी पिंपळदऱ्याच्या फाट्यावर उतरलेल्या माणसाला महाराजांचा पत्ता विचारावा लागत नसे. लंगडत चाललेल्यांच्या मागं लागायचं, की आपण बरोबर शेडापाशी. शेड मूळचं पोल्ट्रीचं. मालकानं कोंबड्या विकल्या आणि रिकामी जागा रामहरी महाराजांच्या चरणी वाहिली. तेव्हापासून जाळीच्या आत ताडपत्रीवर बायाबापडे गुडघे उघडे टाकून ओळीनं बसत. पारनेरकडून, शिरूरकडून, नगरकडून माणसं येत. कुणाला लेकानं पाठुंगळी मारून आणलेलं असे, कुणी दोघींच्या खांद्यावर हात टाकून आलेली असे.

महाराज पंचेचाळिशीचे, तुकतुकीत, स्वतः तास-तास मांडी घालून बसणारे. हातात काशाची वाटी. गुडघ्यावर तूप थापायचं आणि वाटीच्या बुडानं गरागरा घासायचं. दहा मिनिटांत तूप राखाडी व्हायचं, पंधरा मिनिटांत काळंकुळकुळीत. मग ते पांढऱ्या फडक्यावर पुसून फडकं सगळ्यांना दिसेल असं उंच धरायचं. 'आगं बया' अशी कुजबुज शेडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची.

"बघ माय," महाराज म्हणायचे, "ह्यो पंचवीस वर्सांचा वात. कांदं खुरपताना आत शिरला आन बिऱ्हाड करून बसला. डाक्टर काय करनार? तुझा गुडघा काढून लोखंड बसवनार. लोखंड गंजतं, माय. मी गंज काढतो आन तुझा गुडघा तुझ्यापाशीच ठिवतो."

कातडीला भोक नाही, जखम नाही, मग आतला वात बाहेर आला कुठून, हे कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासणं हे आपल्याकडं घरोघरी चालत आलेलं. डोळे जळजळले की घरातली म्हातारी वाटी काढते, तूप काळं होतं, आणि 'बघ किती उष्णता निघाली' म्हणून सगळे माना डोलावतात. महाराजांनी नवं काहीच केलं नव्हतं. वाटी तळपायावरून हातभर वर सरकवली होती आणि उष्णतेला वात म्हटलं होतं.

काळं निघालं की पुडी मिळायची. तपकिरी चूर्ण, सुंठेचा वास, रोज सकाळी ताकातून घ्यायचं. पुडीला दोन पथ्यं होती. तिच्यात काय आहे ते विचारायचं नाही, आणि पुडी चालू असताना अंगाला सुई टोचून घ्यायची नाही. ना इंजेक्शन, ना रक्ततपासणी. सुई टोचली की गुण पळतो.

हे दुसरं पथ्य ऐकलं तेव्हाच मोनिकाच्या मनात पाल चुकचुकली. मोनिका साळूबाईची सून. कर्जत तालुक्यातली, बी.एस्सी. झालेली, आणि गावच्या दूध संकलन केंद्रावर तपासणीचं काम करणारी. रोज सकाळी शंभर-सव्वाशे माणसं तिच्यापुढं कॅन ठेवत. चुलतसासऱ्यांचं दूध असलं तरी ती नमुना काढी, फॅट बघे, पाणी आहे का, युरिया आहे का ते बघे, आणि चुलतसासऱ्यांना त्याचा राग येत नसे. या कामानं तिला एक गोष्ट शिकवली होती. 'आमचं काय तपासतीस' असं जो म्हणतो, त्याचं दूध आधी तपासायचं.

पण घरात तिचं कोण ऐकणार? कारण शेडातला सगळ्यात मोठा चमत्कार तिच्याच घरचा होता.

साळूबाईनं चाळीस वर्षं उकिडवं बसून गाईंच्या धारा काढल्या आणि तितकीच वर्षं उकिडवं बसून कांदे खुरपले. साठी गाठेपर्यंत गुडघे आतून झिजले, पाय धनुष्यासारखे बाकले. चार-पाच महिन्यांपूर्वी मोनिकानं तिला तालुक्याला डॉक्टर सुकन्याकडं नेलं. सुकन्यानं फोटो काढला, गुडघे वाकवून पाहिले आणि सांगितलं, ऑपरेशनची आत्ता काही गरज नाही. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करा, दहा आकडे मोजा, खाली ठेवा, मग दुसरा. मांडीत बळ आलं की गुडघ्यावरचा भार कमी होतो. वजन सहा-सात किलो उतरवा, धारेला उंच स्टूल घ्या, संडासात खुर्ची बसवा, काठी वापरा. फारच दुखलं तर गोळी. फरक पडायला दोन-तीन महिने लागतील, आणि गुडघा नवा होणार नाही, पण चालता राहील.

साळूबाईला हा अपमान वाटला. एवढी शिकलेली डॉक्टरीण, आणि औषध काय, तर खुर्चीत बसून पाय हलवा. लंकाबाईला तिनं हे सांगितलं तेव्हा दोघी पोट धरून हसल्या. लंकाबाई म्हणजे तिची सावडीची जोडीण. आज तुझं रान, उद्या माझं, असं त्यांनी जन्मभर एकमेकींचं खुरपलं होतं. साळूबाईनं नऊ दिवस पाय हलवले आणि सोडून दिलं. दहाव्या दिवशी कुणीतरी महाराजांचं नाव काढलं.

पहिल्या पुडीनंतर चौथ्या दिवशी साळूबाई काठीशिवाय गोठ्यात गेली. आठव्या दिवशी मांडी घालून जेवायला बसली. खरं सांगायचं तर मोनिकाच्याही डोळ्यांत पाणी आलं. सासू-सून असल्या तरी दोघींचं मेतकूट होतं, आणि ह्या बाईला ती वर्षभर भिंत धरून उठताना बघत होती. मोनिकाचा नवरा सुनील तर वेडाच झाला. दुधाचा टेम्पो रिकामा झाला की तो महाराजांचे पेशंट वाहू लागला. दर गुरुवारी महाराज साळूबाईला पुढं बोलवत आणि उठाबशा काढायला लावत. ती दहा काढी आणि लोक रडत. लंकाबाईला साळूबाईनं स्वतः हाताला धरून नेलं.

चार महिने असे गेले. साळूबाईचं तोंड गोल गरगरीत झालं. गाव म्हणालं, महाराजांनी म्हातारीला बाळसं आणलं. पण हातपाय काटक्यांसारखेच राहिले. दावं नुसतं घासलं तरी हातावर जांभळे डाग उठायचे. तहान तर अशी लागायची की तांब्या हातातून सुटत नसे. मोनिका म्हणाली, आत्याबाई, एकदा रक्त तपासू या. साळूबाईनं हात पदराखाली घेतला. सुई टोचली की गुण पळतो, हे तिला पाठ होतं.

मग मोनिकानं आपल्या परीनं तपासणी केली. घरातली काशाची वाटी घेतली, माळ्यावरचं लाल भोपळ्याचं डांगर काढलं, त्याला तूप थापलं आणि पाव तास घासलं. तूप काळं झालं. काशात तांबं असतं. तूप लावून घासलं की त्याचा बारीक कीस निघतो आणि तुपाला काळं करतो. गुडघा असो, तळपाय असो नाहीतर डांगर, काळं येतं ते वाटीतून.

पुढच्या गुरुवारी ती डांगर कडेवर घेऊन शेडात गेली आणि महाराजांच्या पुढ्यात ठेवलं. लोकांना वाटलं, नैवेद्य आणला. तिनं महाराजांचीच वाटी मागितली. भर सभेत नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी हसत दिली. मोनिका घासत बसली. पाव तासानं तिनं तूप पांढऱ्या फडक्यावर पुसलं आणि महाराज धरत तसंच उंच धरलं.

"महाराज, ह्या डांगराला कितीक वर्सांचा वात हाय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी चार जण हसले. महाराजांचा चेहरा पडला. ते अश्रद्ध बाईचा विटाळ वगैरे बोलले, पण दोन पोरांनी मोबाईलवर सगळं टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर फिरलं, जादूटोण्याच्या कायद्याचंही नाव निघालं. शुक्रवारी सकाळी शेडाला कुलूप होतं. तूप, वाट्या, पुड्यांची पोती, सगळं घेऊन महाराज रातोरात पसार झाले होते.

साळूबाईनं दोन दिवस सुनेशी अबोला धरला. तिचं म्हणणं एकच होतं, वाटी खोटी असंल, पण माझं चालणं खोटं हाय का? मोनिकाला याचं उत्तर सुचलं नाही, आणि सुचलं नाही म्हणून तिला राग आला. जिंकलेल्या माणसाला थांबून विचार करायचा कंटाळा येतो. तिनं फळीवरच्या उरलेल्या सगळ्या पुड्या उचलल्या आणि गोबरगॅसच्या टाकीत ओतल्या. दुधात किती थेंब पाणी आहे ते सांगणारी बाई, पण एक पुडीसुद्धा तपासायला ठेवावी असं तिच्या मनात आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी साळूबाई उठलीच नाही. पोटात पाणी ठरेना, उलट्या थांबेनात, हात उचलायची ताकद राहिली नाही. अंग गार पडलं होतं. तासाभरात कळलं की एकटी साळूबाईच नाही. लंकाबाई आडवी झाली होती, खालच्या आळीत आणखी दोघं आडवी झाली होती. ज्यांनी-ज्यांनी पुडी घेतली होती आणि संपली होती, ते सगळे.

गावाला दुसरा पुरावा कशाला हवा होता? महाराजांना दुखावलं, महाराजांनी शाप दिला. मोनिकाच्या दारात माणसं गोळा झाली. कुणी शिव्या दिल्या, कुणी हात जोडून म्हणालं, जा आणि त्यांचे पाय धर. सुनीलनं किल्ली घेतली. महाराज कुठं उतरलेत ते त्याला ठाऊक होतं.

"मी पुडी आनतो," तो म्हणाला. "पुडी पोटात गेली की उठंल ती. गेल्या येळंलाबी उठलीच हुती."

इथं मोनिका थबकली. पुडी घेतली की उठते, बंद केली की पडते. शाप असा वेळापत्रकानं लागत नाही. ज्याला इतका नेमका परिणाम आहे, त्या चूर्णात सुंठ-ओवा सोडून दुसरंच काहीतरी आहे.

"पुडी आना," ती म्हणाली, "पन आत्याबाईंच्या तोंडात न्हाई, डॉक्टरांच्या हातात द्यायची. आधी आत्याबाईंना टेम्पोत घ्या."

आईचा श्वास वर लागलेला सुनीलला दिसत होता, आणि महाराज तिथून तीन तासांच्या वाटेवर होते, दवाखाना अर्ध्या तासाच्या. त्यानं आईला उचललं. साळूबाईच्या उशाला कनवटीची पिशवी होती, तिच्यात अडीअडचणीला राखून ठेवलेल्या, सुनेच्या नजरेतून सुटलेल्या दोन पुड्या निघाल्या. निघता निघता मोनिका लंकाबाईच्या दारात गेली आणि तिच्या लेकाला, हनुमंतला म्हणाली, मावशींना टेम्पोत घालू या. हनुमंत दारात आडवा उभा राहिला.

"तुज्यामुळं झालंय हे," तो म्हणाला. "आन आता तिला सुई टोचायला न्हेतीस व्हय? महाराजांचा मानूस अंगारा घिऊन निघालाय. तू जा."

तिला वाद घालायला वेळ नव्हता. ती गेली.

दवाखान्यात सुकन्यानं साळूबाईचं तोंड पाहिलं, हातावरचे जांभळे डाग पाहिले, रक्तदाब मोजला आणि नर्सला दोन इंजेक्शनं भरायला सांगितली. सलाईन लावलं. दुपार कलायच्या आत साळूबाईनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मग सुकन्यानं मोनिकाला बाहेर बोलावलं.

"चार महिने पुडी, नि एकदम बंद. कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्याच," मोनिका म्हणाली.

सुकन्यानं तिला दम भरला नाही. समजावून सांगितलं. पुडीत स्टिरॉइडची गोळी कुटून मिसळलेली असणार. त्यानं सूज ओसरते, दुखणं थांबतं, माणूस धावतो. गुडघा आत तसाच झिजलेला राहतो, फक्त त्याची ओरड बंद होते. तोंड सुजतं, कातडी पातळ होते, साखर वाढते. म्हणून तर त्या महाराजाला रक्ततपासणीची भीती. आणि सगळ्यात वाईट पुढचं. असंच एक द्रव्य आपलं शरीर रोज थोडं-थोडं स्वतः तयार करतं, त्याच्याशिवाय जगता येत नाही. ते बाहेरून आयतं मिळायला लागलं, की शरीर आपलं काम थांबवतं.

"धार काढली नाही की गाय आटते," मोनिका हळूच म्हणाली.

"तसंच. ह्यांचं आटलंय. एकदम बंद केलं तर जीव जातो. आता मी गोळी देऊन ती महिनोन् महिने थोडी-थोडी कमी करत नेणार. बाकीचे पेशंट कुठंयत?"

मोनिकानं गावात फोन लावले. खालच्या आळीतली दोघं संध्याकाळपर्यंत आली आणि वाचली. लंकाबाई आली नाही. हनुमंतनं दोनदा फोन कापला, तिसऱ्यांदा उचललाच नाही. अंगारा लावलेल्या अंगाला सुई लागू नये म्हणून घरची माणसं दार लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाई गेली.

सुकन्यानं एक पुडी पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवली होती. आठव्या दिवशी उत्तर आलं. सुंठ, ओवा आणि स्टिरॉइडची कुटलेली गोळी. मोनिकानं पोलिसांत तक्रार दिली, पण दुसरी सही मिळेना. मेलेली बाई परत येणार आहे का, असं लोक म्हणत. महाराज मात्र परत यायला तयारच होते. तिकडं कर्जतच्या बाजूला त्यांचं नवं शेड उभं राहिल्याची बातमी आली.

लंकाबाईचा दहावा ओढ्याकाठी झाला. कावळा शिवला, प्रवचन आटोपलं, मग रिवाजाप्रमाणं श्रद्धांजलीच्या भाषणांना सुरुवात झाली. माजी सरपंचांनी माइक हातात घेऊन सांगितलं, की साधुसंतांना दुखावलं की गावाला भोगावं लागतं. माना हलल्या. मोनिका बायांच्या मागं बसली होती.

तेवढ्यात साळूबाई उठली. सुनीलनं तिला टेम्पोनं ओढ्यापर्यंत आणलं होतं. ती काठी टेकत, चार पावलांवर थांबत पुढं गेली. तिनं माइक मागितला तेव्हा नाही कसं म्हणावं ते सरपंचांना कळलं नाही.

"मला भाषन येत न्हाई," ती म्हणाली. "लंकीला त्या शेडात मी न्हेलं. म्या उठाबशा काढल्या म्हनून तिचा इस्वास बसला. मला वाटत हुतं, मी पुन्य करती. पुडीत काय हाय ते मला म्हाईत नव्हतं, आन मी इचारलंबी न्हाई. आपल्या दुधात पानी हाय का ते रोज बगत्यात, आपून बगू देतो. आन पोटात घ्यायची पुडी डोळं मिटून घेतली. का, तर त्यानं सांगितलं, इचारू नका."

ती दम खायला थांबली.

"माजा गुडघा दुकतोय. डाक्टरीन म्हनली, दुकनार. खुर्चीत बसून पाय वर-खाली करती, हळूहळू बळ येतंय. त्यात चमत्कार न्हाई, म्हनून आदी मला ते गोड लागलं न्हाई. आता ऐका. औशद देनारा 'ह्यात काय हाय' ते सांगंना, तर त्याच्या दारात उभं ऱ्हाऊ नका. आन कुनाच्या घरात ती पुडी आजून आसंल, तर चालू ठिवू नका, एकदम फेकूबी नका. पुडी घ्या आन दवाखान्यात जावा. सुईला भिऊ नका. सुईनं मी हाय, सुई न्हवती म्हनून लंकी न्हाई."

भाषणं तिथंच संपली. पंगत बसली, तेव्हा मुंडण केलेला हनुमंत मोनिकाजवळ आला. दहा दिवसांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"वैनी, खरं सांगा. त्या दिवशी टेम्पोत घातली आसती तर वाचली आसती?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, ज्याची-त्याची वेळ. मोनिकाच्याही ओठांवर ते आलं होतं.

"बहुतेक वाचल्या असत्या," ती म्हणाली. "पन पुडी बंद पडली ती माज्यामुळं. ती बंद करायच्या आदी मी डॉक्टरांना इचारायला पायजे हुतं. ते मी केलं न्हाई."

हनुमंतनं उपरण्यानं तोंड पुसलं. "म्हंजी तुमी आन मी, दोगांनी मारली."

"आपल्या चुका हायेत. महाराजानं मात्र म्हाईत असून केलं. न सांगता गोळी घातली, आन सुई टोचू नका म्हनून दार बंद केलं. तकरारीत माजी चूक मी लिवून दिलीय. त्याचं काय ते तुमी लिवून द्या."

हनुमंतनं उपरणं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, कर्जतच्या शेडात गुरुवारी गर्दी असते म्हणतात, म्हणजे उद्याच. त्यानं सुनीलला हाक मारली आणि टेम्पो काढायला सांगितलं. मोनिका, सुनील आणि तो, तिघं तसेच, पंगतीत न बसता, पोलीस ठाण्यात गेले.